केळीच्या भावाचा ग्राफ मॅटप्लॉटलिबमध्ये, मराठी अक्षरांसकट

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडचा केळीचा भाव वहीत किंवा एक्सेलमध्ये रोज लिहून ठेवला असेल, तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला याहून चांगली माहिती नाही. रोजची एक ओळ, दोनच रकाने: दिनांक आणि भाव. खाली आदेशांची नावे मराठीत लिहिली आहेत. टाइप मात्र इंग्रजीतच करायची.

आधी इन्स्टॉल. दोन लायब्ररी (तयार कोडचे संच) लागतात: पांडास माहिती वाचते, मॅटप्लॉटलिब ग्राफ काढते; पिप हे त्या उतरवणारे साधन. टर्मिनलमध्ये नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन डॅश-एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब पांडास’ असे लिहा. संगणकावर दोन पायथन असले की नुसते पिप भलत्याच पायथनमध्ये लायब्ररी टाकू शकते, आणि मग ‘मॉड्यूल सापडत नाही’ या एररवर अर्धा दिवस जातो.

एक्सेलची फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. पांडासच्या रीड-सीएसव्हीने ती उघडताना तीन गोष्टी सांगाव्याच लागतात: पार्स-डेट्समध्ये दिनांकाच्या रकान्याचे नाव, डे-फर्स्ट ट्रू, आणि थाउजंड्समध्ये स्वल्पविराम. डे-फर्स्ट राहिले तर ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे समजले जाते. स्वल्पविराम राहिला तर ‘१,२५०’ हा आकडा न राहता मजकूर होतो. मग उभ्या अक्षावर भाव लहान-मोठे न लागता फाइलमध्ये ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लागतात, आणि रेघ उगाच सरळ चढत गेलेली दिसते. ग्राफ विचित्र दिसला की आधी डी-टाइप्स (कोणता रकाना आकडा, दिनांक की मजकूर आहे ते) छापून बघा; दहापैकी आठ वेळा दोष तिथेच असतो.

आता चित्र. मॅटप्लॉटलिबमधल्या पायप्लॉटचे सबप्लॉट्स दोन गोष्टी देते: फिगर म्हणजे कागद, ॲक्सेस म्हणजे त्यावरची चौकट. फिग-साइझ ८ बाय ४.५ द्या; हे इंच आहेत, म्हणून २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) १६०० बाय ९०० पिक्सेलचे चित्र मिळते. मग ॲक्सेसवर प्लॉट, आणि मार्कर ‘ओ’ (प्रत्येक दिवसावर गोल ठिपका) जरूर द्या.

मार्कर कशासाठी? लिलाव बंद असलेल्या दिवसाची ओळच फाइलमध्ये नसेल, तर रेघ मधला खड्डा सरळ जोडून टाकते आणि त्या दिवशीही भाव होता असे वाटते. दिनांकाचा रकाना इंडेक्स (ओळीची ओळख) करून ॲज-फ्रीक ‘डी’ (दर दिवसाला एक ओळ) लावले की रिकामे दिवस रिकामेच राहतात, रेघ तुटते. पण दोन सुट्यांच्या मधे एकच दिवस सापडला तर त्याला जोडायला शेजारी नसतो. मार्कर नसेल तर तो दिसतच नाही.

खरी अडचण मराठीची. मॅटप्लॉटलिबचा मूळचा फॉन्ट देजावू सान्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरीची साधी टीटीएफ फाइल उतरवा, फॉन्ट-मॅनेजरच्या ॲड-फॉन्टने जोडा, आणि फॉन्ट-फॅमिलीला दोन नावांची यादी द्या: नोटो आधी, देजावू नंतर. (पर्यायी फॉन्टची ही सोय ३.६ आवृत्तीपासून आहे.) एवढ्याने ‘जळगाव’ नीट उमटते, पण ‘क्विंटल’ फुटते: क चा पाय मोडलेला, वेलांटी व च्या उजवीकडे. कारण पीएनजी (ठिपक्यांचे चित्र) काढणारा भाग बऱ्याच आवृत्त्यांत अक्षरे एकापुढे एक ठेवतो, जोडाक्षर जुळवत नाही. उपाय सोपा आहे: आरसी-पॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) एसव्हीजी-फॉन्टटाइप ‘नन’ करा आणि फाइल एसव्हीजी (रेघा आणि मजकूर वेगळे ठेवणारा चित्राचा प्रकार) म्हणून सेव्ह करा. मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर जोडाक्षर बरोबर जुळवतो. फाइल ज्या संगणकावर उघडायची त्यावरही तोच फॉन्ट इन्स्टॉल हवा, एवढे पाहा. छापायला पीएनजी हवी असेल तर एसव्हीजी इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून काढा.

सेव्ह-फिग (ग्राफ फाइलमध्ये ठेवणारा आदेश) नेहमी शोच्या (तो खिडकीत दाखवणाऱ्या आदेशाच्या) आधी लिहा. शोची खिडकी बंद केल्यावर पायप्लॉटचे सेव्ह-फिग चालवले की फाइल कोरी निघते. कडेची अक्षरे कापली जात असतील तर बीबॉक्स-इंचेस ‘टाइट’ द्या.

रेघेऐवजी बार काढणार असाल, तर उभा अक्ष शून्यापासूनच ठेवा. अक्ष ११५० पासून काढला तर १२५० चा बार १२०० च्या बारच्या दुप्पट दिसतो, आणि तो बघून माल थांबवायचा की तोडायचा हे कोणी ठरवत असतो.