नाताळात मुस्लिम घरांनी काय करायचं, मिरज-सांगलीकडच्या आईबापांसाठी

दर डिसेंबरात ओळखीतल्या आया तेच विचारतात, शाळेत ख्रिसमसचा कार्यक्रम आहे पोराला पाठवू का नको, शेजारच्या आंटींनी केक दिलाय खाऊ का नको, हॅपी ख्रिसमस म्हटलं तर चालतं का. म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकते. मी मिरजेची, इथं वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून ख्रिश्चन घरं आहेत आणि मीरासाहेबांचा दर्गा तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा, म्हणजे एकमेकांचे सण बघत आपल्या पिढ्या वाढल्यात. तरी दर वर्षी गोंधळ होतोच, कारण घरात आधी कुणी बोलत नाही आणि मग २३ तारखेला सकाळी पोरगं लाल टोपी मागत रडत बसतं.

तर पहिलं काम नोव्हेंबर संपायच्या आत करायचं. नवरा-बायकोनं बसायचं, सासू-सासरे घरात असतील तर त्यांनाही घ्यायचं, आणि आपल्या घरात काय चालतं काय नाही ते ठरवून टाकायचं. सगळ्यांचं एकमत व्हायलाच पाहिजे असं नाही, पण पोरासमोर दादी एक बोलते, अम्मी दुसरं आणि अब्बा मोबाईलमध्ये, असं झालं की सगळा ताण त्या लेकरावर येतो. मला विचाराल तर हिशोब सोपा आहे. इबादतीचा, म्हणजे उपासनेचा भाग त्यांचा, त्यात आपण नाही. शेजारधर्माचा भाग दोघांचा, त्यात आपण पूर्ण मनानं. ह्या दोन्हीच्या मधे जे येतं, म्हणजे टोपी, झाड, गिफ्ट, गाणी, त्यावरच घरात बोलायला लागतं.

शाळेचं आधी बघू कारण खरी अडचण तिथंच येते. कार्यक्रमाची नोटीस ग्रुपवर आली की लगेच क्लास टीचरना भेटा किंवा मेसेज करा, आदल्या दिवशी नको, कारण तोवर पोराला रोल मिळालेला असतो, ड्रेस ठरलेला असतो आणि मग आपलं नाही म्हणणं सगळ्यांनाच लागतं. मेसेज असा केला तरी चालतो: "मॅडम नमस्कार, आमची मुलगी कार्यक्रमाला येईल, डेकोरेशन, चांदण्या बनवणं, डान्स यात तिला जरूर घ्या. फक्त प्रार्थनेची गाणी आणि गव्हाणीच्या देखाव्यातला रोल देऊ नका, आमच्यात पैगंबरांचं किंवा बीबी मरियमचं सोंग घेत नाहीत, एवढी विनंती." बघा यात आधी काय चालेल ते लिहिलंय. टीचरना पन्नास पोरं सांभाळायची असतात, त्यांच्या हातात काम देता येईल असं काहीतरी दिलं की त्या खुशीनं ऐकतात. स्टेजचा पडदा ओढायला, माईक धरायला, सूत्रसंचालनाला पोरं लागतातच.

आणि कधी कुठं अडलंच तर माहिती असू दे, आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे कलम सगळ्याच धर्मांच्या पोरांसाठी आहे. पण ते तोंडावर फेकू नका, साध्या बोलण्यानंच काम होतं.

आता घरातलं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोराला नुसतं "ते आपलं नाही" एवढंच सांगून सोडू नका, कारण हजरत ईसा अलैहिस्सलाम आपलेही पैगंबर आहेत. कुरआनात त्यांचं नाव २५ वेळा येतं, आणि मरियम ही कुरआनात नावानं आलेली एकमेव बाई. १९ वी सूरा, म्हणजे अध्याय, तिच्याच नावाची, ९८ आयतींची. डिसेंबरात रात्री झोपताना थोडी थोडी तर्जुम्यासकट, म्हणजे अर्थासकट वाचा, पोरं कान देऊन ऐकतात. बीबी मरियम एकट्याच लांब गेल्या, कळा सुरू झाल्या तशा खजुराच्या बुंध्याला टेकल्या, इतक्या हैराण झाल्या की म्हणाल्या मी याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, तेव्हा खालून आवाज आला की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी. मग बाळ घेऊन लोकांत आल्या, लोक बोलायला लागले, तर पाळण्यातलं बाळच बोललं की मी अल्लाहचा बंदा आहे. माझ्या धाकटीला तो बुंधा हलवायचा भाग इतका आवडतो की वाटीत खजूर घेऊनच ऐकायला बसते.

हे एकदा कळलं की फरक सांगणं अवघड जात नाही. ते ईसांना अल्लाहचा बेटा मानतात, आपण पैगंबर मानतो, ते म्हणतात सुळावर गेले, आपण म्हणतो अल्लाहनं त्यांना उचलून घेतलं. एवढं सरळ सांगायचं, पुढं "म्हणजे ते चुकीचे आणि आपण भारी" असली शेपटी लावायची नाही, कारण पोरगं दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बेंचवरच्या मैत्रिणीला ऐकवतं. पोरं मोठी असतील तर हबशाच्या, म्हणजे आत्ताच्या इथिओपियाकडच्या बादशहाची, नजाशीची गोष्ट सांगा. मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमान नजाशीच्या राज्यात गेले, तो ख्रिश्चन, आणि त्याच्या दरबारात त्या मुसलमानांतल्या हजरत जाफरनी हीच सूरा मरियम वाचली तेव्हा तो रडला आणि आसरा दिला.

सांताचं म्हणाल तर पोरं विचारणारच, मला का नाही आणत. खरं सांगून टाका, निकोलस नावाचे एक बिशप होते, आत्ताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे, गरिबांना मदत करायचे, त्यांच्यावरून हा सांता आला, आणि गिफ्ट आईबापच आणतात. पण त्याच दमात हेही सांगा की वर्गात जाऊन कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्याच्या लेकराचा आनंद घालवायचा हक्क आपल्याला नाही. वर्गातलं सीक्रेट सांता म्हणजे नुसती चिठ्ठ्या काढून वस्तूंची देवाणघेवाण असते, पेन किंवा कंपास दिली तरी झालं, मला त्यात काही वावगं वाटत नाही. घरी झाड आणायचं का, तर आम्ही नाही आणत. आपल्या दोन ईद आहेत, त्या दणक्यात करा, घर सजवा, पोरांना हातात ईदी द्या, ज्या घरात ईद नुसती बिर्याणी खाऊन झोपण्यात जाते तिथली पोरं दुसऱ्यांच्या खिडकीकडं बघणारच की.

खाण्याचं सांगते. आपल्याकडच्या ख्रिश्चन घरांतनं केकच्या आधी फराळ येतो, करंजी, चकली, शंकरपाळी, ते बिनधास्त खा. प्लम केकला विचारावं लागतं, कारण त्यातला सुकामेवा कितीतरी ठिकाणी रममध्ये भिजवतात. बेकरीत सरळ विचारा, "रम आहे का बिनरमचा", रोज विचारणारे असतात, कुणाला वाईट वाटत नाही. घरी करायचा तर मनुका, काजू, टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा, वर दालचिनी आणि जायफळ, वासात काही कमी पडत नाही. मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा जनावरापासून काढलेलं जिलेटिन असतं, पाकीट उलटं करून वाचा. मटण-चिकन हलाल आहे का हे मात्र ताटावर बसून विचारू नका, घरची बाई ओशाळते. आमंत्रण आलं तेव्हाच फोनवर "आंटी, आमच्यासाठी नुसता भात-आमटी ठेवा, नाहीतर मटण आमच्या दुकानातनं मी आणून देते" असं म्हणायचं, जुन्या शेजाऱ्यांना ते आधीच माहिती असतं आणि त्या स्वतःच सांगतात कुठून आणलंय.

आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही! फराळावर टाकलेला क्रोशाचा रुमाल धुऊन घडी करायचा, ताटात घरचं काहीतरी गोड ठेवायचं आणि पोराच्या हातानं पाठवायचं, आपण ईदला शीरखुर्म्याचे डबे वाटतो तसंच.

शुभेच्छांवर उलेमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये मतभेद आहेत हे खरं आहे. काही म्हणतात त्यांच्या सणाची मुबारकबाद द्यायची नाही, काही म्हणतात शेजारधर्म म्हणून द्यायला हरकत नाही. आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारा, त्यांना तुमचं घर, गल्ली, नातीगोती माहिती असतात, फॉरवर्ड करणाऱ्याला नसतात. ज्यांचं मन घेत नाही त्यांनी "आंटी, सुट्टी छान जाऊ दे, तब्येत सांभाळा" म्हणा, जा, बसा, चहा घ्या, गेलात हेच मोठं असतं. फक्त एक कळकळीनं सांगते, "मुबारकबाद देणारे असे आणि तसे" असलं काही स्टेटसला ठेवू नका. ज्या बाईनं तुमच्या बाळंतपणात रात्र जागून काढली ती पण ते स्टेटस बघते.

आता एक गोष्ट जिच्यावर कुणी बोलत नाही, सुनेचं माहेर ख्रिश्चन असेल तर. तिला २५ तारखेला माहेरी जाऊ द्या, आणि कपाळाला आठी न घालता जाऊ द्या. हजरत अस्मा, अबू बक्रची मुलगी, तिची आई मुसलमान झाली नव्हती, ती भेटायला आली तेव्हा अस्मानं रसूलुल्लाहना, म्हणजे मुहम्मद पैगंबरांना विचारलं, नातं ठेवू का, ते म्हणाले हो, आईशी नातं ठेव. बुखारीच्या हदीसच्या किताबात आहे हे. मग आपण कोण अडवणारे? चर्चच्या प्रार्थनेच्या वेळेत ती घरी आईला स्वयंपाकात मदत करू शकते, नातवंडं आजोळी जेवून, खेळून येतात. नातवंडांनी प्रार्थनेत बसायचं का हे मात्र दोन्ही घरांनी आधीच बोलून घ्या, पोरांच्या समोर नको. मागच्या बाकावर पाहुणे म्हणून बसलात तरी प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थनेत देतात तो भाकरी-द्राक्षरस, घ्यायचं नसतं, ते त्यांच्या सभासदांसाठीच असतं.

ऑफिसात वर्गणी काढली तर खाण्यापिण्याची आहे का प्रार्थनेची ते विचारून द्या. दारू असलेल्या पार्टीला "मी सहापर्यंत आहे" म्हणून केक कापून निघा.

सुट्टीत पोरांना घरात कोंडून ठेवू नका. डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस, कुणाच्या तरी रानात जा, दंडोबाच्या डोंगरावर जा, सागरेश्वरला हरणं बघून या, थंडीत फिरायला मजा येते.

आणि एक पुढचं. आपलं साल ११ दिवसांनी मागं सरकतं, त्यामुळं २०३० ला रमजान नाताळाच्या आसपासच सुरू होईल आणि २०३१ चा नाताळ तर रोज्यातच येईल. तेव्हा फराळाचं ताट दुपारी दारात येणार आणि घरात सगळे रोजेदार असणार. आंटींना आधीच सांगून ठेवा की ताट मगरिबनंतर पाठवा, डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास दिवस मावळतो, आणि जमलं तर तुम्हीच ताट घेऊन इफ्तारला या म्हणावं.