एलिकासारखी प्रोपेलरची गाडी पहिल्यांदा चालवताना

मार्सेल लेया या फ्रेंच अभियंत्याची ‘एलिका’ म्हणजे पंख कापलेले विमानच. १९१९ ते १९२५ या काळात अशा जेमतेम तीसेक गाड्या झाल्या. पुढे गाडी ओढणारा प्रोपेलर (विमानासारखा पंखा), प्लायवूडची निमुळती बॉडी, एकामागे एक दोन जागा आणि वजन सुमारे २५० किलो. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, चाकांना इंजिनाचा जोर नाही. १९२१ची एक एलिका पॅरिसच्या ‘म्युझे दे आर-ए-मेतिए’ या संग्रहालयात आहे. अस्सल गाड्या इतक्या थोड्या उरल्यात की चालवायला मिळते ती बहुधा प्रतिकृतीच. तिच्यासाठी हे टिपण.

मुख्य गोष्ट आधी: या गाडीला न्यूट्रल नाही. इंजिन चालू म्हणजे ओढ चालू, अगदी आयडलवरही. खालची सगळी काळजी त्यातूनच येते.

सुरुवात प्रोपेलरपासून करा. स्पार्क प्लग काढा, एका पात्याच्या टोकाशी जमिनीवर पक्का टेकू उभा करा आणि प्रोपेलर हाताने फिरवून दुसरे पाते त्याच जागी आणा. दोन्ही टोकांच्या रेषेत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हबची (प्रोपेलर इंजिनाला जोडणाऱ्या मधल्या भागाची) बैठक तपासा. तसेच चालवले तर थरथर वाढते आणि प्रोपेलरभोवतीच्या जाळीचे जोड सैल होतात. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे हबचे बोल्ट आपोआप ढिले पडतात. पहिल्या तासाभरानंतर, पुढे दर २५ तासांनी आणि ऋतू बदलला की टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावाच. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा. प्रोपेलर बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापलीकडे जाऊ नका, कारण जास्त आवळल्यास लाकडाचे तंतू चिरडतात. ढिले राहिले तर हब घासून लाकूड करपते. बोल्टांच्या भोकांजवळ काळपट डाग दिसला की प्रोपेलर उतरवायलाच हवा.

जमिनीपासूनच्या अंतरात तडजोड नको. पुढे चाक असलेल्या लहान विमानांसाठी अमेरिकी नियम २०१७ पर्यंत किमान ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंमी सांगत असे. तेवढे तरी ठेवा. इंजिन चालू करण्याआधी जागा झाडून घ्या. बारीक खडी वर खेचली जाते आणि पात्याची पुढची धार टवके उडून खराब होते.

जाळी हात आत जाऊ देत नाही, पण तुटलेले पाते ती अडवेल या भरवशावर राहू नये. म्हणून प्रोपेलर फिरतो त्या पातळीत, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना, कोणालाही उभे राहू देऊ नका. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे तर जाळी उघडावी लागते, म्हणून इलेक्ट्रिक स्टार्टरच बसवा. जाळी उघडी असताना तो चालू होणार नाही असा एक स्विच जोडा. इंजिन बंद करणारा दुसरा स्विच शेपटीजवळ, बाहेरून हात पोहोचेल असा हवा. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारे यंत्र) असेल तर स्विच त्याला अर्थ करून बंद पाडतो. ती तार तुटली तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. त्यामुळे थांबलेल्या प्रोपेलरलाही जिवंत समजूनच हात लावायचा.

पहिली चाचणी बांधून करा. पुढच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे लावा आणि शेपटीपासून पक्क्या खांबापर्यंत दोर बांधून मधे १०० किलोचा स्प्रिंग काटा अडकवा. पूर्ण थ्रॉटलच्या वेळी ठोकळे किंचित मोकळे ठेवा, म्हणजे सगळी ओढ काट्यावर येईल. ८ अश्वशक्ती आणि १.४ मीटर व्यासाचा प्रोपेलर असेल तर गणिताने ओढ ५० किलोच्या आसपास येते. प्रत्यक्षात ३० ते ३५ मिळाली तर समाधान माना. दोन माणसांसह गाडी ४०० किलो धरली आणि चाकांच्या घर्षणाला ६ किलो सोडले, तर ती साधारण १६ला १ (१६ मीटर अंतरात १ मीटर वर) एवढाच चढ चढेल. त्याहून तीव्र चढावर थांबलात तर पुन्हा निघता येणार नाही. ही चाचणी थोडक्यात उरका. हबजवळ पाती हवा फारशी ढकलत नाहीत, त्यामुळे एअर-कूल्ड इंजिन उभ्या गाडीत लवकर तापते.

सर्वात जास्त वेळ सरावाला द्या, कारण स्टिअरिंग मागच्या चाकांवर आहे. डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे फेकली जाते. भिंतीला चिकटून उभी असलेली गाडी वळवून काढली तर मागचा कोपरा भिंतीवर आपटतो. मोकळे मैदान, वारा नसलेली वेळ आणि ताशी २० किमी यांपासून सुरू करा. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते आणि मागची, म्हणजे वळवणारी चाके हलकी होतात. त्यामुळे वळणात ब्रेक लागला तर गाडी ऐकत नाही. आधी थ्रॉटल सोडा, गाडी सरळ करा, मग ब्रेक. थांबल्यावरही पाय ब्रेकवरच ठेवा. स्टिअरिंगच्या केबलवरून दर वेळी कापड फिरवा. धागा अडकला की तिथली तार तुटली आहे असे समजा आणि पूर्ण केबल बदला.

रिव्हर्स नाही, म्हणून मागे न्यायची असेल तर इंजिन बंद करून हाताने ढकला. वजन कमी असल्याने दोन माणसे पुरतात.

बंद करताना आयडलवर पेट्रोलचा कॉक फिरवून बंद करा आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबू द्या, मग स्विच. दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर आडवा करून ठेवा. उभा राहिला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो.