विमानाच्या वायरिंगमध्ये नवीन आहात? मल्टिमीटरच्या बझरवर विसंबू नका

एएमई, म्हणजे विमान देखभालीचं इंजिनिअरिंग, करून नागपुरातच राहायचं असं ठरवलेल्यांसाठी हे लिहिते आहे. त्यातही ज्यांना बी-२ मध्ये, म्हणजे विमानाच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या लायसन्सकडे, यायचं आहे त्यांच्यासाठी. मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं एमआरओ (विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र) आहे, इंदामेरचं आहे. म्हणजे हे काम आपल्या गावात आहे. पण परीक्षेतलं वायरिंग आणि हँगरमधलं वायरिंग यांत मोठं अंतर आहे, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

लायसन्सच्या परीक्षेची मॉड्यूल ६ आणि ७ तुम्ही केलीच असतील. केबलचे प्रकार, कनेक्टर, क्रिम्पिंग (वायरचं टोक धातूच्या पिनमध्ये घालून टूलने दाबून जोडणं) सगळं त्यात येतं. एडब्ल्यूजीचा, म्हणजे वायरच्या जाडीच्या गेजचा, आकडा वाढला की वायर बारीक होते, तारेवरचा कथिलाचा मुलामा १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, चांदीचा २०० पर्यंत, निकेलचा २६० पर्यंत, हे पाठ असतं. पासिंगला ७५ टक्के लागतात म्हणून बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांवर पेपर काढतात. माझं स्पष्ट मत आहे, त्या पीडीएफ डिलीट करा. पेपर निघेल, पण इंटरव्ह्यूमध्ये समोरचा माणूस हातात एक पिन ठेवून विचारतो, 'ही कोणत्या वायरसाठी, आणि कोणत्या टूलने क्रिम्प करशील?' तिथे चार पर्याय नसतात.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं तिच्याकडे येते. ती म्हणजे कंटिन्युइटी, वायरमधून करंट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो की नाही याची तपासणी. घरी, कॉलेजच्या लॅबमध्ये, बर्डीतून आणलेल्या सुट्या भागांवर आपण वर्षानुवर्षं एकच करतो: जोड दिला, मल्टिमीटर लावला, बझर वाजला, झालं. ही सवय इतकी मुरलेली असते की हँगरमध्येही बझर वाजला की हात आपोआप पुढच्या वायरकडे जातो.

आमच्या एका सिनिअर सरांनी माझ्यासमोर दोन क्रिम्प केलेल्या पिना ठेवल्या. दोन्हींवर बझर वाजला. मग म्हणाले, 'आता ओढ.' एक हलली नाही. दुसरीतून वायर अख्खी बाहेर आली, तारांवर दाबाची खूणसुद्धा नव्हती. मग भिंग देऊन त्यांनी पहिल्या पिनच्या बॅरलवरचं, म्हणजे वायर जाते त्या पोकळ भागावरचं, बारीक भोक दाखवलं. त्यातून तांब्याच्या तारा दिसत होत्या, म्हणजे वायर पूर्ण आत गेली होती. दुसरीचं भोक रिकामं होतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. २० गेजच्या नेहमीच्या एअरक्राफ्ट वायरमध्ये १९ बारीक तारा असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटी तपासताना अगदी थोडा करंट सोडतो. त्यातली एक तार जरी धातूला टेकली असेल तरी बझर वाजतो. विमानात त्याच जोडातून खरा लोड जातो, इंजिनचं व्हायब्रेशन असतं, वर कडाक्याची थंडी आणि खाली उतरल्यावर आपल्या नागपूरचा मे महिना. सैल जोड तिथे तापतो, ढिला होतो, सुटतो आणि पुन्हा टेकतो. वैमानिक तक्रार लिहितो, जमिनीवर तपासलं तर सगळं ठीक. मग 'नो फॉल्ट फाउंड' लिहून महागडा बॉक्स बदलला जातो, आणि दोष मात्र त्या पिनमध्ये तसाच राहतो.

म्हणून जोड चांगला आहे की नाही हे बझर सांगत नाही, जोड कसा केला यावरून ते कळतं. एम२२५२० मालिकेचं क्रिम्पिंग टूल घेतलं का, पिनच्या नंबरप्रमाणे पोझिशनर (टूलमध्ये पिन योग्य जागी धरणारा भाग) लावला का, वायरच्या गेजप्रमाणे सिलेक्टर फिरवला का, टूलचं कॅलिब्रेशन चालू आहे का, टूलचं तोंड बरोबर मिटतं का ते गो-नोगो गेजने तपासलं का. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो बाजू जाता कामा नये. पिनवरचे रंगाचे पट्टे वाचायला शिका, नंबर त्यातच असतो. रॅचेट पूर्ण दाबल्याशिवाय टूल सुटत नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं आहे, जबरदस्तीने मधेच सोडवू नका. इन्सुलेशन सोलताना तारांना चरा पडला तर टोक कापून पुन्हा सोला. गाडीच्या दुकानातल्या पकडीने विमानाची पिन दाबणाऱ्याच्या हाताखाली काम शिकू नका, तो कितीही अनुभवी असो.

क्रिम्प उत्तम झाला तरी अर्धंच काम झालं. पिन कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तरीही बझर वाजतोच. आत एक छोटी रिटेन्शन क्लिप असते, ती पिनला मागून धरते. पिन अर्धवट बसली की समोरचा कनेक्टर जोडताना ती मागे सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक पिन बसवल्यावर वायर हलकेच मागे ओढून बघा, आणि समोरून सगळ्या पिना एका पातळीत आहेत का ते टॉर्च मारून पाहा. पिन घालण्या-काढण्याच्या प्लास्टिकच्या टूलचं रंगीत टोक घालायला असतं, पांढरं काढायला. टोक फाटलेलं किंवा वाकलेलं असेल तर फेकून द्या, त्यानेच क्लिप मोडते. रिकाम्या भोकांत सीलिंग प्लग घाला, नाहीतर पाणी शिरतं. ३८९९९ सिरीज ३ चा, म्हणजे विमानात वापरल्या जाणाऱ्या फिरवून बसवायच्या एका प्रकारचा, कनेक्टर पूर्ण घट्ट झाला की लाल पट्टा झाकला जातो. पट्टा दिसत असेल तर अजून फिरवायचं बाकी आहे.

मी एवढं का सांगते आहे? १९९८ च्या सप्टेंबरमध्ये स्विसएअरचं १११ नंबरचं विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ कोसळलं, २२९ माणसं गेली. चौकशीत निघालं ते वायरमधलं आर्किंग आणि त्याने पेटलेलं इन्सुलेशन ब्लँकेटचं आवरण. त्याआधी १९९६ मध्ये टीडब्ल्यूए ८०० च्या इंधनटाकीचा स्फोट झाला, तिथेही संशय वायरिंगमधल्या शॉर्ट सर्किटवर गेला. अमेरिकेत २००७ मध्ये वायरिंगसाठी वेगळे नियम आले आणि आज आपण ज्याला ईडब्ल्यूआयएस (विमानातल्या वायरिंग जोडणीची पूर्ण व्यवस्था) म्हणतो त्याचं ट्रेनिंग सुरू झालं. ते दोन दिवसांचं सर्टिफिकेट समजून बसू नका.

हे वाचून घाबरायला झालं असेल तर तसं होऊ देऊ नका. हात बसतो. माझेही सुरुवातीला थरथरायचे. भंगारात निघालेला हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) मागून घ्या, स्टोअरवाले देतात. त्यावर सोलणं, लेसिंगची (वायरींचा जुडगा दोरीने बांधायची) गाठ, पिन घालणं-काढणं रोज थोडं करा. मुलींनी खास लक्षात घ्यावं, हे ताकदीचं काम नाही. बारीक बोटं आणि सावकाशपणा इथे कामाला येतो, आणि आमच्याकडे दाट पिनांचे कनेक्टर बऱ्याचदा मुलींकडेच दिले जातात.

सिनिअर निवडता येत नाहीत, तरी एक पाहा. शंका विचारल्यावर जो वायरिंगचं मॅन्युअल, म्हणजे बोइंगचं चॅप्टर २० किंवा एअरबसचं ईएसपीएम, उघडून दाखवतो, त्याच्या मागे लागा. 'अनुभवाने कळेल' म्हणून पुढे निघून जाणाऱ्याकडून फार काही मिळत नाही. तो जे सांगेल तेही मॅन्युअलमध्ये शोधा. दोन क्लॅम्पच्या मधला वायरचा झोल अर्ध्या इंचाच्या आत का, बेंड रेडियस (वळणाची त्रिज्या) वायरच्या व्यासाच्या दहापट का, हे विचारायला लाजू नका.

आणि शिफ्ट संपत आली, सगळ्या पिना बसवून झाल्या नाहीत, तर घाईने कनेक्टर बंद करू नका. उघड्या तोंडावर कॅप लावा, टॅग बांधा, कोणत्या पोझिशनपर्यंत पिना बसवून ओढून पाहिल्या ते हँडओव्हरमध्ये लिहा आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला जागेवर नेऊन दाखवा.