स्पेक्ट्रमच्या जुन्या कॅसेटी लॅपटॉपवर चालवायच्या कशा : आधी टेप वाचवा, एम्युलेटर नंतर

ज्यांच्या माळ्यावर नाहीतर लोखंडी कपाटात झेडएक्स स्पेक्ट्रमच्या किंवा बीबीसी मायक्रोच्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या, कॅसेटी पडून आहेत त्यांनी हे वाचाच (तेव्हा प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचे), आणि एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर त्या जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, डाउनलोड करायच्या आधी वाचा. बहुतेक जण उलटं करतात, आधी एम्युलेटर, मग नेटवरचे गेम, थोडे दिवस मजा, आणि घरातल्या कॅसेटी तिथल्या तिथेच. एम्युलेटर काही पळून जात नाहीये, आज घ्या नाहीतर दहा वर्षांनी घ्या. टेप मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी जातेय. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांत जुलै-ऑगस्टला जी ओल धरते ती कॅसेटींना पण सोडत नाही, टेपच्या कडेला पांढरी बुरशी येते. नेटवर गेम हजारो मिळतील, पण तुमच्या घरच्यांनी 1987 साली टाइप केलेला प्रोग्रॅम जगात फक्त त्या एका कॅसेटवर आहे.

आपल्याकडे ही मशीन्स आली कुठून ते थोडक्यात. स्पेक्ट्रम 1982 चं, ब्रिटनच्या सिंक्लेअरचं, आत झेड80 प्रोसेसर 3.5 मेगाहर्ट्झवर, मेमरी 16 नाहीतर 48 के, म्हणजे किलोबाइट. डेसिबेल्स नावाच्या भारतीय कंपनीने 1986 पासून स्पेक्ट्रम प्लस लायसन्सवर इथे आणलं. बीबीसी मायक्रो बऱ्याच जणांनी शाळेत पाहिलं असेल, 1984 च्या क्लास नावाच्या, शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी प्रोजेक्टमधून ते शाळांना मिळालं होतं. माझे मामा सातपूरला नोकरीला होते, त्यांच्याकडे स्पेक्ट्रम प्लस होतं, आणि त्यांच्या कॅसेटींच्या कव्हरवर बॉलपेनने प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे टेप रेकॉर्डरचा काउंटर नंबर लिहिलेला असायचा. तुमच्याकडे अशी कव्हरं असतील तर पहिलं काम त्यांचे फोटो काढा. कुठला प्रोग्रॅम टेपवर कुठे आहे याचा तेवढाच नकाशा असतो.

आता टेप. कॅसेट लगेच प्ले करू नका. आधी खिडकीतून आत बघा, बुरशीचे डाग असतील तर ती बाजूला ठेवा, बाकीच्या स्वच्छ कॅसेटी आधी उरकून घ्या म्हणजे ती घाण हेडवरून, म्हणजे रेकॉर्डरच्या टेप वाचणाऱ्या भागावरून, सगळीकडे फिरणार नाही. मग मधोमध जी छोटी फेल्टची गादी असते, टेपला हेडवर दाबून धरणारी, ती जागेवर आहे का बघा. जुन्या कॅसेटीत तिचा डिंक सुटतो, गादी पडते आणि आवाज एकदम खोल गेल्यासारखा येतो, लोकांना वाटतं टेपच गेली. टेप ठीक असते. स्क्रूवाली दुसरी कॅसेट घ्या, उघडा, आतली टेप काढून आपली टेप रिळांसकट त्यात बसवा, झालं. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेले पदर सुटतात.

टेप रेकॉर्डर घरात नसेल तर जुन्या नाशकात विचारत फिरा, टेप-रेडिओ दुरुस्त करणारे एखाद-दुसरे काका अजून भेटतात, त्यांच्याकडून बेल्ट बदलून घ्या कारण सैल बेल्टने स्पीड हलतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने पुसा. नंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी, हेडचा कोन. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी पाव वळण इकडे-तिकडे करा आणि कानाने ऐका, कर्कश आवाज जिथे सगळ्यात धारदार होतो तिथे थांबा. दर कॅसेटला हे वेगळं येऊ शकतं, कारण ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचा कोन वेगळा होता.

लॅपटॉपला जोडायला साधी साडेतीन एमएमची ऑक्स केबल आणि माइक किंवा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड, दोन्ही एमजी रोडच्या मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळून जातं. लॅपटॉपचं स्वतःचं हेडसेटचं भोक टाळा, तिथे माइकचा बूस्ट असतो आणि सिग्नल चिरडतो. रेकॉर्डिंग ऑडेसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, 44100 हर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री नको, ती फाइल छोटी करताना लाटांचा आकार बदलते आणि इथे आकारातच सगळा डेटा आहे. विंडोजमधली साउंड एन्हान्समेंट, नॉइज सप्रेशन, आपोआप व्हॉल्यूम कमी-जास्त करणारं जे काही असेल ते सगळं बंद. टेप रेकॉर्डरवर डॉल्बीचं बटण असेल तर तेही बंद. स्टीरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनेल रेकॉर्ड करा पण नंतर मिक्स करू नका, जो साफ आहे तो एकच ठेवा, कारण कोन जरा चुकला की दोन्ही चॅनेल एकमेकांच्या बारीक लाटा खाऊन टाकतात.

रेकॉर्डिंग नीट झालंय का ते डोळ्यांनी दिसतं. स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम सुरू होतो पाच सेकंदांच्या एकसुरी शिट्टीने, साधारण 800 हर्ट्झची, मग एक अगदी छोटी चिरक, तो हेडर, 17 बाइटचा, त्यात नाव आणि लांबी. मग सेकंदभर शांतता, दोन सेकंद परत शिट्टी, आणि मग खरा डेटा. त्या डेटात झूम करत जा. रुंद लाट म्हणजे 1, तिच्या अर्ध्या रुंदीची म्हणजे 0. दोन मापं स्पष्ट वेगळी दिसली की काम झालं समजा. लाटांची डोकी सपाट कापलेली दिसली तर व्हॉल्यूम कमी करून परत. हे पाहून घ्याच, कारण स्पेक्ट्रमच्या प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एकच बाइट असतो आणि मधला एक बिट जरी चुकला तरी पूर्ण ब्लॉक नापास होतो, स्क्रीनवर येतं "R Tape loading error". बीबीसीचं बरं आहे, तिथे 256 बाइटचे तुकडे असतात, अडलं तर थोडं मागे फिरवून तेवढाच तुकडा परत वाचता येतो.

आता एम्युलेटर. स्पेक्ट्रमसाठी मी फ्यूज सांगेन, फुकट आहे, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं. उबुंटूवाल्यांनी लक्ष द्या, नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज वेगळंच आहे, फाइल सिस्टिमचं, तुम्हाला फ्यूज-एम्युलेटर-जीटीके हवंय, सोबत स्पेक्ट्रम-रॉम्स आणि फ्यूज-एम्युलेटर-युटिल्स. रॉमची, म्हणजे मशीनमध्ये कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची, काळजी नको, 1986 साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा ॲमस्ट्रॅडने घेतला आणि रॉम एम्युलेटरसोबत वाटायला पुढे परवानगी दिली. गेमचं मात्र तसं नाही, बऱ्याच गेमचे हक्क अजून कुणा ना कुणाकडे आहेत.

युटिल्समध्ये ऑडिओ-टू-टेप नावाचं छोटं टूल आहे, टर्मिनलवर त्याला वेव्ह फाइल द्या, ते टीझेडएक्स फाइल, म्हणजे एम्युलेटरला वाचता येणारी टेपची नक्कल, बनवून देतं. ती फ्यूजमध्ये एफ7 दाबून उघडा. ऑटो-लोड चालू असेल तर आपोआप सुरू होईल, नसेल तर स्वतः टाइप करा आणि इथेच नवीन माणूस अडतो, कारण 48 के स्पेक्ट्रमवर लोड हा शब्द अक्षरं जुळवून लिहायचा नसतो, J ही की दाबली की पूर्ण शब्द उमटतो. मग कंट्रोल धरून दोनदा पी, म्हणजे दोन अवतरण चिन्हं, आणि एंटर. टेप हलली नाही तर एफ8. लॅपटॉपचं शिफ्ट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि कंट्रोल म्हणजे सिम्बॉल शिफ्ट, एवढं लक्षात ठेवलं की निम्मा कीबोर्ड आला. पी प्रिंट, ओ पोक, आर रन, के लिस्ट.

सेटिंगमध्ये टेप ट्रॅप्स आणि फास्टलोडिंग असतं, त्याने लोडिंग झटक्यात उरकतं. रोजच्या वापराला ठीक, पण एकदा तरी दोन्ही बंद करून लोड करा, स्क्रीनच्या कडेच्या बॉर्डरवर आधी लाल-आकाशी रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक, आणि मशीन भरून प्रोग्रॅम असेल तर चार-साडेचार मिनिटं वाट. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून दाखवा, त्यांना तो आवाज लगेच ओळखू येतो. ब्लूटूथ स्पीकर मात्र नको, आवाज मागे राहतो, वायरवालाच लावा.

लोड झालं की थोडं स्वतः काहीतरी करा, नाहीतर हे नुसतं बघण्याचं यंत्र राहतं. स्पेक्ट्रममध्ये 21 अक्षरं आपण स्वतः काढू शकतो, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं, त्यामुळे देवनागरी जमते. पहिल्या अक्षराची जागा 65368 पासून 65375 पर्यंत. तिथे ओळीने पोक करा, म्हणजे पोक या आज्ञेने मेमरीच्या एकेका जागेत एकेक आकडा टाका : 255, 2, 2, 126, 98, 98, 2, 2. मग पी दाबून प्रिंट, अवतरण चिन्ह, शिफ्ट आणि 9 दाबून ग्राफिक्स मोड, ए दाबा, परत शिफ्ट-9 ने बाहेर, अवतरण चिन्ह, एंटर. स्क्रीनवर न. पहिला आकडा 255 म्हणजे वरची आठही टिंबं पेटलेली, तीच शिरोरेषा, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा 255 ठेवला की रेघ आपोआप सलग जुळते. काना तर अजून सोपा, 255 आणि खाली सात वेळा 8, तो 65376 पासून टाका आणि ए नंतर बी दाबा. ना झाला. शि आणि क तुम्ही काढा, शि ला दोन चौकोन लागतील.

बीबीसीसाठी इन्स्टॉल काहीच नको, जेएसबीब हा एम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो, ब्रेकची की तिथे एफ12 आहे. टेपसाठी आधी स्टार टेप (*TAPE), मग चेन आणि दोन अवतरण चिन्हं (CHAIN ""). तिथे शब्द पूर्ण टाइप करायचे असतात.

साठवताना मूळ वेव्ह फाइल कधीही उडवू नका, टीझेडएक्स झाली तरी. पुढे जास्त चांगलं टूल आलं तर परत त्या वेव्हपासूनच सुरू करावं लागेल. स्नॅपशॉट, म्हणजे एम्युलेटरमध्ये चालू स्थिती सेव्ह केलेली फाइल, सोयीला ठेवा, पण त्यात फक्त त्या क्षणाची मेमरी असते, टेप नसते. प्रोग्रॅम बेसिक या भाषेत असेल तर युटिल्समधलं लिस्ट-बेसिक चालवा, ते सगळ्या ओळी साध्या टेक्स्टमध्ये काढून देतं, ती प्रिंट काढून ज्यांनी लिहिला त्यांना द्या, आणि रेम (REM) लिहिलेल्या, म्हणजे टिपणाच्या, ओळी आधी बघा, लोक तिथे नाव आणि तारीख टाकायचे.