बेस गिटारची बॉडी कोणत्या लाकडाची? ओळखताना या चुका टाळा

जुना बेस विकायला काढला की जाहिरातीत ‘सॉलिड आल्डर बॉडी’, म्हणजे आल्डर लाकडाची भरीव बॉडी, असं ठोकून द्यायचं, ही आता जवळपास रीतच झाली आहे. कशावरून, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली: वजनावरून कळतं, रंग बघा ना, साउंड ऐका. तिन्ही उत्तरं कच्ची आहेत. लाकूड ओळखायचं तर ते उघडं कुठे आहे हे आधी शोधावं लागतं, आणि तिथेही योग्य बाजूने बघावं लागतं.

वजनावर विसंबणं

वाळलेल्या आल्डरची घनता घनमीटरला साधारण ४५० किलो, अमेरिकन पॉप्लरची त्याच्याच आसपास, बासवुडची ४१५ च्या जवळ. म्हणजे एकाच आकाराची बॉडी आल्डरऐवजी बासवुडची केली तर फरक पडतो जेमतेम दीडशे ग्रॅमचा. चार जड ट्यूनिंग की (तारा आवळायच्या खुंट्या) काढून हलक्या बसवल्या तरी वजन तेवढं उतरतं. त्यातून एकाच जातीच्या दोन फळ्यांचं वजनही सारखं नसतं. दलदलीत वाढलेला स्वॅम्प अ‍ॅश हातात हलका लागतो, तर उत्तरेकडचा अ‍ॅश खांदा उतरवतो. सत्तरच्या दशकातले फेंडर कंपनीचे कित्येक बेस म्हणूनच बदनाम आहेत. काट्यावरून ‘जड’ किंवा ‘हलका’ एवढंच कळतं.

रंग आणि वरचा पृष्ठभाग

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात फेंडरमध्ये सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद) रंग करण्याआधी आल्डरच्या बॉडीला पिवळा रंग देत. नेक (तारांखालची लांब मान) काढल्यावर आत दिसणारा पिवळेपणा लाकडाचा समजणारे त्यामुळेच फसतात. स्वस्त बेसवर तांबूस रंग चढवला की न्यातोह, ओकुमे, मेरांटी सगळ्यांचीच ‘महोगनी’ होते. वखारीतल्या माणसाला दाखवलं तरी फार उपयोग होत नाही. साग, शिसव तो डोळे मिटून ओळखेल, पण परदेशी तांबडं लाकूड दिसलं की तोही महोगनीच म्हणणार.

रंगाचा खरा उपयोग एकाच ठिकाणी होतो. कॅव्हिटीच्या, म्हणजे बॉडीत कोरलेल्या खोबणीच्या, आत उघड्या लाकडावर हिरवट झाक दिसली तर ते बहुधा पॉप्लर, म्हणजे ट्युलिपचं झाड. उजेडात ही झाक तपकिरी होत जाते, म्हणून बाहेर न दिसता ती आत टिकून राहते.

वर दिसणाऱ्या सुंदर रेघांवर तर मुळीच जाऊ नका. नव्वदच्या दशकात फेंडर जपानने ‘फोटो फ्लेम’ नावाचं फिनिश काढलं होतं. त्यात मेपलच्या लाटा चक्क छापलेल्या असत, खाली बासवुड किंवा आल्डर. व्हिनिअरचंही, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराचंही, तसंच. यामाहाच्या टीआरबीएक्स मालिकेतल्या एका स्वस्त मॉडेलला वरून आंब्याच्या लाकडाचा थर आहे. दिसतो छानच, पण त्यावरून आतली बॉडी कळत नाही. तपासायचं असेल तर वरची रेघ कडेपर्यंत नेऊन बघा. ती बाजूवर उतरून पुढे जात असेल तर लाकूड सलग आहे. कडेशी अचानक तुटत असेल, किंवा नेमकी कडच गडद रंगवून झाकलेली असेल, तर वर थर असण्याची शक्यता मोठी.

चुकीच्या बाजूने बघणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लोक नेक काढतात, पॉकेटच्या, म्हणजे नेक बसवायच्या खाचेच्या, तळाचा फोटो घेतात आणि ‘हे काय आहे?’ असं विचारतात. तळाला लाकडाची लांबट बाजू दिसते, आणि त्या बाजूने निम्मी फिकट लाकडं सारखीच दिसतात. बघायची ती तारांना आडवी असलेली भिंत, म्हणजे नेकची टाच जिला टेकते ती. तिथे लाकडाचा आडवा छेद असतो. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) खोबणीतही अशी भिंत मिळते, पण तिथे बऱ्याचदा शिल्डिंगचा, म्हणजे विजेची खरखर रोखणारा, काळा रंग फासलेला असतो. सोनार वापरतात तसं दहापट भिंग घ्या आणि टॉर्च तिरपी धरा.

वर्षागणिक मोठ्या छिद्रांची ओळ नुसत्या डोळ्यांनीही दिसली, तर अ‍ॅश. मात्र जुन्या जपानी बेसमध्ये ‘सेन’ नावाचं लाकूड सर्रास सापडतं. दिसायला ते अ‍ॅशचं जुळं भावंड, पण झाड वेगळ्याच कुळातलं. त्याच्या वलयाच्या (झाडाच्या एका वर्षाच्या वाढीच्या कड्याच्या) उत्तरार्धातली बारीक छिद्रं लाटांसारख्या पट्ट्यांत मांडलेली असतात.

छिद्रं अजिबातच दिसली नाहीत तर ते सूचिपर्णी लाकूड. बेसच्या बाबतीत ते बहुधा अगाथिस. इंडोनेशियात बनलेल्या स्वस्त बेसमध्ये ते भरपूर वापरलं गेलं. ही खूण सर्वांत भरवशाची.

छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर आल्डर, पॉप्लर, बासवुड यांत निवड करायची. पॉप्लर आणि बासवुडमध्ये वलयाच्या टोकाला बारीक फिकट रेघ असते. आल्डरमध्ये लांबट बाजूवर अधूनमधून तपकिरी, तुटक रेघोट्या दिसतात. बासवुड नखानेही दबतं, पण ही परीक्षा दुसऱ्याच्या बेसवर करू नये.

महोगनीची छिद्रं मोठी आणि विखुरलेली. खऱ्या अमेरिकन महोगनीत वलयाच्या कडेला फिकट रेघ सापडते; आफ्रिकेतल्या खाया आणि ओकुमेत ती सहसा नसते. आपल्याकडच्या कारागिराने केलेला ‘महोगनी’ बेस असेल तर तूण आहे का हेही बघा. सतार-तंबोऱ्याला वापरतात तेच हे लाकूड. कूळ महोगनीचंच, पण तुणीत वलयाच्या सुरुवातीची छिद्रं ठळक मोठी असतात.

नाव आणि कॅटलॉगवर विश्वास

‘जुना फेंडर म्हणजे अ‍ॅश’ हे अर्धंच खरं. १९५१ चा प्रिसिजन बेस अ‍ॅशचा होता. १९५६ पासून कंपनी मुख्यतः आल्डरकडे वळली आणि अ‍ॅश राहिला तो ब्लाँड (फिकट, लाकडाच्या रेघा दिसू देणाऱ्या) फिनिशपुरता. मिशिगनमध्ये २००२ साली सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने अमेरिकेतला अ‍ॅश पोखरला, आणि २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या उत्पादनातून तो कमी केला. आयबानेझ कंपनीचा एसआर ५०० बेस आधी महोगनीचा होता, पुढच्या एसआर ५०० ई मध्ये ओकुमे आलं. तेव्हा सीरियल नंबरवरून आधी साल काढा, मग त्याच सालचा कॅटलॉग उघडा.

आवाजावरून लाकूड सांगणाऱ्यांना शुभेच्छा. तारा, पिकअप आणि बोटं एवढं काही बदलून टाकतात की लाकडाची जात कानाने सांगणं शक्य नाही.

नेक काढताना

तारा पूर्ण सैल केल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. पॉकेटमध्ये कागदाची किंवा लाकडाची पातळ पट्टी सापडली तर ती कचरा नव्हे, नेकचा कोन तिच्यावर अवलंबून असतो. काढली तशीच परत ठेवा. स्क्रू बसवताना आधी हलकेच उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो ‘टक’ करून बसतो, मग आवळा. नेक-थ्रू, म्हणजे नेक बॉडीतून आरपार गेलेला, बेस असेल तर हा मार्गच बंद. तिथे स्ट्रॅप बटणाचं भोक किंवा मागच्या झाकणाखालची खोबण बघावी. लाकूड दिसावं म्हणून पॉलिश पेपरने कोपरा घासणं हा मात्र शुद्ध आडदांडपणा.

एवढं करूनही आल्डर की पॉप्लर हे ठरत नसेल, तर जाहिरातीत दोन्ही शक्यता लिहा आणि नेक पॉकेटच्या आडव्या भिंतीचा स्पष्ट फोटो जोडा. जाणकार गिऱ्हाईक तोच आधी मागतं.