कॉलेज करता करता नवख्या घोड्यावर इव्हेंटिंग: पहिलं वर्ष कसं आखायचं

पुण्या-मुंबईकडे कॉलेजात असताना इव्हेंटिंग (ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या हालचाली, क्रॉस कंट्री म्हणजे मोकळ्या रानातले अडथळे आणि शो जंपिंग म्हणजे मैदानातल्या बारवरच्या उड्या, अशी एकाच घोड्यावरची तिहेरी स्पर्धा) सुरू करायचं म्हटलं की स्वतःचा पहिला घोडा बहुतेक वेळा रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेडच असतो, वय ४-५, दिसायला देखणा, पळायला पटाईत आणि बाकी जवळजवळ काहीच न शिकलेला. परदेशातून आणलेला तयार वॉर्मब्लड (खास खेळासाठी पैदास केलेला घोडा) सगळ्यांना परवडत नाही, आणि मला विचाराल तर पहिल्या वर्षी त्याची गरजही नाही. म्हणून हे सगळं अशा नवख्या घोड्याबद्दलच लिहितेय. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, कॉलेज आणि नवखा घोडा यांचं एकमेकांशी भांडण नाहीये. या वयाच्या घोड्याला रोज दीड तास काम नकोच असतं, त्याला थोडं थोडं पण नियमित काम आणि मधे मधे मोठी सुट्टी हवी असते, सेमिस्टरही तसंच चालतं. फक्त दोघांचं कॅलेंडर एकाच कागदावर मांडायचं.

सुट्टी का, तर शरीरामुळे. घोडा ४ वर्षांचा झाला की मोठा दिसतो, पण पायाची हाडं आधी पक्की होतात आणि पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी, साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, म्हणजे आपण जिथे खोगीर ठेवतो तोच भाग अजून तयार होत असतो. दातांचंही तसंच, दुधाचे दात साडेचार वर्षांपर्यंत पडत असतात आणि पूर्ण तोंड ५व्या वर्षी भरतं. त्यामुळे ४ वर्षांचा घोडा मान झटकतोय, बिट (लगामाची तोंडातली कडी) घेत नाहीये, तर त्याला हट्टी म्हणायच्या आधी व्हेटकडून दात बघून घ्या. वरच्या लेव्हलचे इव्हेंटिंगचे घोडे बहुतेक दहाच्या पुढच्या वयाचे असतात. आपला भारतीय रायडर फवाद मिर्झाने २०१८च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये सेन्योर मेडिकॉटवर वैयक्तिक रौप्य मिळवलं आणि २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो त्याच घोड्यावर २३वा आला. घोडा नीट सांभाळला तर इतकी वर्षं साथ देतो, मग तुमच्या सेकंड इयरमध्ये ८० सेंटिमीटर उंचीच्या ऐवजी १ मीटरच उडवायचं अशी घाई कशाला.

रेसचा घोडा आल्यावर पहिले काही आठवडे त्याला नुसतं घोडा म्हणून राहू द्या. पॅडॉक (कुंपण घातलेलं मोकळं कुरण) असेल तर त्यात मोकळा सोडा, दाणा कमी करा, गवत वाढवा. चारा रोज वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला पावणेसात किलोच्या आसपास सुकं गवत, दोन टक्के दिलं तर अजून चांगलं. लसूणघास थोडाच द्यायचा. मग स्वारी. रेसमध्ये जॉकीला खालून पायाला आधार देऊन वर चढवतात, त्यामुळे ठोकळ्यावरून चढणारा माणूस यातल्या बऱ्याच घोड्यांनी बघितलेलाच नसतो, आपण चढेपर्यंत शांत उभं राहणं हाच त्याचा पहिला धडा. दुसरा धडा लगामाचा. लगाम आखडला की हातावर रेलून अजून पळायचं अशी त्याची सवय असते, म्हणून घाबरून ओढत बसू नका, ओढायचं आणि लगेच सोडायचं, मोठ्या सर्कलवर घ्यायचं, आवाजाने थांबवायला शिकवायचं. तिसरं म्हणजे एका बाजूला कडक असतो, कारण रेस एकाच दिशेने वळते. त्या कडक बाजूला जास्त घासायचं नाही, दोन्ही बाजू थोड्या थोड्या.

आता कॅलेंडर. जून-जुलैत पाऊस असतो, ॲडमिशन आणि नवीन वर्षाची गडबड असते, तेव्हा फ्लॅटवर्क (उड्यांशिवायचं सपाटीवरचं काम), वॉकमध्ये म्हणजे चालत लांब फेरफटका आणि डबकी. डबक्यांना कमी समजू नका. पाण्याची भीती घालवायला रस्त्यातल्या डबक्यासारखं फुकट साधन नाही, तळ पक्का आहे याची आधी स्वतः चालून खात्री करा, मग अनुभवी घोडा पुढे आणि आपला मागे, वॉकमध्ये आत, आत उभं राहायचं, बाहेर. काळ्या मातीत मात्र या दिवसात कँटर (मध्यम वेगाची धाव) नको, घसरतो आणि पाय मुरगळतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोल (जमिनीवर ठेवलेले बांबू), कॅव्हलेटी (अगदी कमी उंचीचे बार), छोटे ग्रिड (ओळीने लावलेल्या उड्या) आणि जमलं तर जवळच्याच एखाद्या शोमध्ये नुसती ड्रेसाज टेस्ट, म्हणजे ट्रकमध्ये चढणं, अनोळखी तबेला, स्पीकरचा आवाज हे सगळं उडीशिवाय शिकून होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सेमिस्टर परीक्षा आली की घोड्यालाही सुट्टी, दोन-तीन आठवडे फक्त पॅडॉक आणि हातात धरून फिरवणं. हे वाया जाणारे दिवस नाहीत, तरुण घोडे या सुट्टीनंतर परत येतात तेव्हा जे आधी जमत नव्हतं ते अचानक जमायला लागलेलं असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी स्पर्धा, आपल्याकडे मोसम थंडीतलाच आहे. पहिल्या वर्षी मोजक्या स्पर्धा, त्याही जवळच्या. मार्चनंतर जमीन दगडासारखी होते आणि तुमच्या सबमिशन सुरू होतात, तेव्हा तिथेच थांबा. उन्हाळ्यात पहाटे हलकं काम.

आठवडा कसा लावायचा तर घोड्यावर चार दिवस बसलं तरी पुरतं. दोन दिवस ३०-४० मिनिटं फ्लॅटवर्क, एक दिवस उडी किंवा ग्रिड, एक दिवस बाहेर चढउतारावर वॉक-ट्रॉट (ट्रॉट म्हणजे दुडकी चाल), उरलेल्यातला एक दिवस फार तर १५-२० मिनिटं लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं), कारण छोट्या गोलात जास्त फिरवलं की सांध्यांवर ताण येतो, आणि दोन दिवस नुसतं चालवणं किंवा पूर्ण आराम. सकाळी पावणेसहाला खोगीर चढलं तर नऊचं लेक्चर आरामात गाठता येतं. ज्या दिवशी रात्रभर जर्नल लिहून डोळे मिटतायत त्या दिवशी उडी मारायची नाही, हा नियम मी सगळ्यांना अगदी हात जोडून सांगते, झोप नसलेला रायडर उशिरा रिॲक्ट करतो आणि नवखा घोडा तेवढ्या वेळात घाबरून मोकळा होतो. त्या दिवशी फेरफटका मारा नाहीतर नुसता खरारा करा.

सईसदादांशी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाशी, नातं हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे असं मला वाटतं. तुम्ही दिवसातले दीड-दोन तास तिथे असता, ते दिवसभर असतात. घोड्याने दाणा सोडला, लीद कमी झाली, पोटाकडे वळून बघतोय, परत परत खाली बसतोय, हे कॉलिक (घोड्याची धोकादायक पोटदुखी) त्यांनाच आधी दिसणार, म्हणून व्हेटचा नंबर त्यांच्या फोनमध्ये पाहिजे आणि लेक्चर चालू असलं तरी फोन करा असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं पाहिजे. नॉर्मल आकडे तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा: अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नालबंद दर ५-६ आठवड्यांनी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही तर आठवडाभर आधी, म्हणजे एखादा खिळा लागला असेल तर तेवढ्यात कळतं.

कॉलेजच्या बाजूने काम साधं आहे पण वेळेत करावं लागतं. घोडेस्वारी बऱ्याच जिमखान्यांच्या यादीत नसते, त्यामुळे सरांना काय चाललंय ते माहीतच नसतं. टर्म सुरू झाली की लगेच फिजिकल डायरेक्टरना भेटा, इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन दाखवा, स्पर्धांच्या तारखा लेखी द्या आणि प्रत्येक स्पर्धेआधी एन्ट्रीची कॉपी जोडून अर्ज. ७५ टक्के अटेंडन्स भरायची असते, तेव्हा स्पर्धेसाठीच्या दांड्या आधीच मोजून ठेवा आणि बाकी दिवशी दांडी मारू नका. प्रॅक्टिकल, सबमिशन बुडवून मैदान गाठायचं आणि मग केटी लागली की घरचे पहिला घाव घोड्यावरच घालतात, हे सगळ्या रायडर्सना माहितीये. वय पण बघून ठेवा, एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या) नियमात इव्हेंटिंगचे यंग रायडर १६ ते २१चे असतात, म्हणजे अकरावीपासून डिग्रीपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ त्यात बसतो.

पैशाबद्दल थोडक्यात, तबेल्याचं महिन्याचं भाडं लोक धरतात आणि नालबंद, जंताचं औषध, लसी, ट्रक, स्पर्धेतला स्टॉल, सईसदादांचा प्रवास-जेवण हे धरत नाहीत. सगळं मांडा आणि जड जात असेल तर ओळखीच्या, हलक्या हाताच्या रायडरला हाफ लीजवर (काही दिवस त्याने बसायचं, खर्च वाटून घ्यायचा) द्या, परीक्षेच्या काळात घोड्याचीही सोय होते.

कागदपत्रांमध्ये घोड्याचा पासपोर्ट, इन्फ्लुएन्झा-धनुर्वाताच्या लसींच्या नोंदी, आणि ग्लँडर्स व इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांचे निगेटिव्ह रिपोर्ट. यातली रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, तेव्हा सॅम्पल वेळेत पाठवा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ट्रकने लांब जायचं असेल तर दर तीन-चार तासांनी थांबून डोकं खाली करू द्यायचं, तासन् तास डोकं वर बांधून ठेवलं की फुप्फुसात संसर्ग होतो.

आता स्पर्धेचा हिशोब, तो नीट कळला की निम्मी भीती जाते. ड्रेसाजमध्ये मिळालेले टक्के १००मधून वजा करतात, ६५ टक्के म्हणजे ३५ पेनल्टी, आणि पेनल्टी जितकी कमी तितकं चांगलं. शो जंपिंगमध्ये बार पडला की ४. क्रॉस कंट्रीत घोडा अडला की पहिल्यांदा २०, त्याच उडीवर दुसऱ्यांदा अजून ४०, आणि ऑप्टिमम टाइमच्या (ठरवून दिलेल्या वेळेच्या) वरच्या प्रत्येक सेकंदाला ०.४. म्हणजे तुम्ही ४० सेकंद उशिरा आलात तरी १६च होतात, घोडा एकदा अडण्यापेक्षा (रिफ्युजलपेक्षा) कमी! त्यामुळे पहिल्या वर्षी घड्याळ बघूच नका. प्रत्येक उडीआधी घोड्याला वेळ द्या, काय आहे ते बघू द्या, गरज वाटली तर ट्रॉटमध्ये या. रिबन गेली तर गेली, घोडा मात्र प्रत्येक उडी ओलांडता येते हे शिकून घरी जातो, आणि पुढच्या वर्षीचा वेग त्यातूनच येतो. लेव्हल निवडताना घरी जेवढं सहज जमतं त्यापेक्षा एक पायरी खालची घ्या.

क्रॉस कंट्रीचा कोर्स किमान तीनदा चाला. पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवून, घोड्याला काय दिसेल ते बघत: उन्हातून एकदम सावलीत जाणारी उडी, मागे उभी गर्दी, पलीकडे उतार. दुसऱ्यांदा कोचसरांबरोबर, लाइन आणि वळणं ठरवत, लाल झेंडा उजवीकडे पांढरा डावीकडे. तिसऱ्यांदा एकटे, पर्यायी सोपा रस्ता कुठून कुठे जातो ते पाठ करत, कारण नवख्या घोड्यावर लांबचा रस्ता घ्यायची वेळ येतेच. दोन उड्यांमधली पावलं मोजायची सवय करा, तुमची ३ फुटांची चार पावलं म्हणजे घोड्याचा कँटरचा एक स्ट्राइड (एक झेप), पहिल्या उडीवरून उतरताना दोन पावलं आणि पुढची उडी घेताना दोन सोडून द्यायची. कोर्स २ किलोमीटरचा आणि वेग मिनिटाला ४५० मीटर असेल तर वेळ साधारण ४ मिनिटं २७ सेकंद येतो, एवढ्या वेळाचा दम घरीच तयार झालेला हवा.

स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअप लांबवू नका. रेसचा घोडा गर्दीत, लाऊडस्पीकरजवळ आधीच तापलेला असतो, स्टार्ट बॉक्स (क्रॉस कंट्री जिथून सुरू होते तो चौकोन) बघून त्याला स्टार्टिंग गेट आठवू शकतं, म्हणून बॉक्समध्ये शेवटच्या क्षणी वॉकमध्येच जायचं आणि शक्य तितकं शांत निघायचं. बॉडी प्रोटेक्टर, घट्ट बसणारं हेल्मेट, दंडावर मेडिकल कार्ड. पडलात तर एलिमिनेशन आहे, म्हणजे स्पर्धेतून बाद, परत चढायचा विचारही नको, डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टर सांगतील ते ऐकायचं आणि ते हेल्मेट परत वापरायचं नाही.

शेवटची उडी झाली की लगेच थांबू नका, वॉकवर या, खोगीर उतरवा आणि अंगभर गार पाणी ओतत राहा, मान, छाती, पुठ्ठे सगळीकडे, मधे मधे चालवा. पाणी पिऊ द्या, गार पाण्याने गरम घोडा आजारी पडतो हा जुना समज सोडून द्या. दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६४च्या खाली यायला हवी, आली नाही तर व्हेटला बोलवा. संध्याकाळी चारही पायांच्या नसांवरून (टेंडनवरून) हात फिरवा, कुठे गरम लागतंय का, सूज आहे का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडक जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट करून बघा. सगळं ठीक असलं तरी पुढचे चार-पाच दिवस स्वारी नाही, फक्त चालणं आणि पॅडॉक, तेवढ्यात तुम्ही बुडलेल्या लेक्चरच्या नोट्स मित्रांकडून घ्या आणि राहिलेली प्रॅक्टिकल्स भरून काढा.