धोरण बदलून घेणारे निवेदन कसे तयार करावे : बेळगावच्या फौंड्रीचालकांसाठी

उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील फौंड्रीचालकांच्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखानदारांच्या, तक्रारी खऱ्या असतात, पण त्या बहुतेक वेळा ‘वीज महाग आहे, लक्ष घालावे’ अशा एका ओळीत मांडल्या जातात आणि त्या ओळीवर कोणत्याही अधिकाऱ्याला निर्णय घेता येत नाही. निर्णय घेता येईल असे निवेदन कसे असते, याचा अलीकडचा नमुना युरोपात सापडतो. 20 फेब्रुवारी 2024 रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे रसायने, पोलाद यांसारख्या अनेक क्षेत्रांतील 73 उद्योगप्रमुखांनी युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांच्यासमोर एक संयुक्त जाहीरनामा ठेवला. त्यात मागण्या दहाच होत्या. युरोपीय संसदेची निवडणूक जूनमध्ये व्हायची होती, म्हणजे पुढील पाच वर्षांचा कार्यक्रम ठरण्याच्या आधीच तो कागद पोहोचला. 26 फेब्रुवारी 2025 रोजी आयोगाने उद्योगांसाठीचा ‘स्वच्छ औद्योगिक करार’ जाहीर केला, तेव्हा त्यावर बोलायला अध्यक्षा अँटवर्पलाच गेल्या.

आपण सुरुवात खर्चाच्या तक्त्यापासून करावी, कारण सगळे निवेदन त्याच्यावर उभे राहते. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 700 युनिट वीज लागते. प्रत्येक फौंड्रीने सलग बारा महिन्यांची वीजबिले आणि मेल्टिंगची नोंदवही समोरासमोर ठेवावी आणि दर महिन्याला एका टनामागे किती युनिट लागले, किती रुपये पडले, हे काढावे. बिलातील मागणी आकार (वीजभारावरील ठरावीक शुल्क), इंधन समायोजन (इंधनखर्चानुसार बदलणारी आकारणी) आणि वीजकर वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत, कारण मागणी आकार राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि वीजकर राज्य सरकार, म्हणून दोन्हींची दाद एकाच दारात मागून उपयोग होत नाही. वीज गेल्यामुळे भट्टीत धातू गोठला किंवा हीट (एका वेळी वितळवलेला घाणा) वाया गेली, तर तारीख, वेळ आणि नुकसान त्याच दिवशी नोंदवावे, कारण आठवणीवर सांगितलेले नुकसान सुनावणीत टिकत नाही.

यानंतर तुलना हवी. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर 2024 मधील अहवालाने युरोपीय कारखान्यांची वीज अमेरिकेच्या तुलनेत दोन ते तीन पट महाग पडते हे दाखवले, आणि तो आकडा युरोपातील पुढच्या प्रत्येक चर्चेत येत राहिला. आपल्याला तुलनेसाठी लांब जावे लागत नाही. निपाणी ओलांडली की कागल, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या फौंड्र्या लागतात. त्याच प्रकारचे कास्टिंग, बहुधा तेच ग्राहक, मात्र राज्य आणि वीजदर वेगळे. नात्यागोत्यातील किंवा ओळखीच्या फौंड्रीचालकाकडून त्याच भाराचे, त्याच महिन्याचे बिल मागून घ्यावे आणि दोन्हीकडचा प्रति टन हिशेब शेजारी शेजारी छापावा. एखाद्या बाबतीत आपला खर्च कमी निघाला, तर तेही लपवू नये. समोरचा अधिकारी ते शोधून काढतोच, आणि मग उरलेल्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

मागण्या तीन-चारच ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोणाच्या अधिकारातली आहे हे लिहावे. वीजदर ठरवण्याचा अधिकार कर्नाटक वीज नियामक आयोगाचा आहे आणि 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 प्रमाणे दराचा आदेश काढण्यापूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्याच लागतात. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या सरकारी कंपनीचा, दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत नोंदवावी आणि सुनावणीत स्वतः बोलावे. आमदारांना दिलेले पत्र या हरकतीची जागा घेऊ शकत नाही. मसुद्यावर आपापसात चर्चा मराठीत करावी, सादर करायची प्रत मात्र कन्नड आणि इंग्रजीत सुबकपणे तयार करून घ्यावी, म्हणजे भाषेच्या कारणावरून कागद बाजूला पडणार नाही.

सह्या मोठ्या कारखान्यांपुरत्या ठेवू नयेत. पॅटर्न बनवणारे, मशीन शॉपवाले, जॉबवर्क करणारे आणि खानापूर तालुक्यातून रोज येणारे मोल्डर हे सगळे त्याच भट्टीवर जगतात.

युरोपातील प्रत्येक मागणी उचलण्यासारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. नियम सैल करण्याच्या मागणीआड प्रदूषणाचे नियमही सैल होतील, अशी टीका तेथे झाली आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण फौंड्रीचा धूर सर्वांत आधी आपल्याच कामगारांच्या छातीत जातो. आपण सूट मागू नये, कागदपत्रांची सुटसुटीत पद्धत मागावी. युरोपीय आयोगानेही जानेवारी 2025 मध्ये अहवाल भरण्याचा बोजा 25 टक्क्यांनी आणि लहान-मध्यम उद्योगांसाठी 35 टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले.

जे युरोपला माल पाठवतात किंवा निर्यातदाराला पुरवतात, त्यांनी निवेदनात एक परिच्छेद कार्बन सीमाशुल्कासाठी, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर युरोप आयातीच्या वेळी लावत असलेल्या आकारासाठी, ठेवावा. लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील या व्यवस्थेचा मुख्य टप्पा 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला आहे. आपल्या मालाचा सीमाशुल्क क्रमांक त्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. पाइप फिटिंगचा 7307 आणि नट-बोल्टचा 7318 हे त्या यादीत आहेत. क्रमांक यादीत असेल, तर उत्सर्जनाच्या हिशेबासाठी ग्राहक प्रति टन इंधनाची आणि विजेची नोंद मागू शकतो. विजेची नोंद वरच्या तक्त्यातून तयार मिळते, इंधनाची त्याच तक्त्यात जोडावी. ही मोजणी आणि तपासणी लहान फौंड्रीला परवडेल अशा दरात बेळगावातच होण्याची सोय सरकारने करावी, ही मागणी राज्याच्या उद्योग खात्याकडे करावी आणि पोच घेऊन दर महिन्याला तिचा लेखी पाठपुरावा करावा.